ओले सरपण आणि कोरडे नियोजन

आषाढ लागला की सास्तूरच्या नव्या गावठाणात सकाळच्या प्रहरी कोणत्या घरात कोणते सरपण आहे हे दुरूनच कळते. काही घरांतून चूल पेटताना क्षणभर धूर येतो आणि विरून जातो. काही घरांच्या पत्र्याखालून मात्र पांढरा, जड धूर तासभर निघत राहतो. आत एक बाई फुंकणी घेऊन बसलेली असते. लाकडाच्या उघड्या टोकातून फेस येत असतो, चुलीत चर्र असा आवाज होत असतो, आणि शाळेत जाणारे पोर भाकरीची वाट पाहत दारात उभे असते. हा प्रसंग मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात पाहावा. त्यात नवे काही नाही, आणि नवे काही नाही म्हणूनच आपल्या राजकारणाला तो आजवर दिसलेला नाही.

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण आपण अपराध्याबरोबर निरपराध भरडला जातो ह्या अर्थाने वापरतो. पण ती मुळात चुलीपाशी जन्मलेली आहे आणि तिचा शब्दशः अर्थ कमी महत्त्वाचा नाही. ओले लाकूड एकटे जळत नाही. शेजारी सुके असेल तरच ते जळते. ज्या घरात सुके उरलेलेच नाही त्या घराचे काय, हे म्हण सांगत नाही. सास्तूरच्या प्रश्नाची सुरुवात तिथून होते.

आधी लाकडाचा हिशेब मांडला पाहिजे, कारण ह्या विषयावर भावनेने पुष्कळ लिहिले जाते आणि हिशेबाने फार थोडे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. झाडाच्या जातीप्रमाणे थोडे कमी, थोडे जास्त. तेच लाकूड फोडून, उन्हावाऱ्यात मोकळे रचून सुकविले म्हणजे पाण्याचे प्रमाण पंधरा ते वीस टक्क्यांवर येते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारणपणे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता असते असे धरू. सुकविलेल्या एका किलोत ८०० ग्रॅम लाकूड आणि २०० ग्रॅम पाणी. म्हणजे ३,६०० किलोकॅलरी. त्यातून ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यासाठी सव्वाशेच्या आसपास खर्च होतात. उरले साडेतीन हजारांच्या थोडे आत. ओल्या किलोत ५०० ग्रॅम लाकूड, ५०० ग्रॅम पाणी. उष्णता २,२५०, वाफेचा खर्च ३०० च्या वर, आणि शिल्लक साडेएकोणीसशेच्या आसपास. सुक्या किलोच्या मानाने ओला किलो निम्म्याहून थोडाच अधिक भरतो.

हा हिशेब कागदावरचा झाला. चुलीतला हिशेब ह्याहून वाईट आहे. लाकूड तापले की त्यातून वायू आणि डांबरी द्रव्ये सुटतात, आणि ज्योत म्हणजे ह्या वायूंचे जळणे. ते पेटायला चुलीत पुरेशी उष्णता साठलेली असावी लागते. ओल्या लाकडाची उष्णता पाणी उडविण्यात गुंतलेली असल्यामुळे चूल तापतच नाही, आणि जे वायू ज्योतीत जळून भांड्याला उष्णता देणार होते ते न जळताच बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे जळणाचा उकिरडा अशी समजूत आहे. वस्तुतः ते जळणच आहे, ज्याचे पैसे मोजलेले आहेत, जे डोक्यावरून वाहून आणलेले आहे, आणि जे डोळ्यांतून पाणी काढीत घराबाहेर जाते. त्याचा जो भाग बाहेर जात नाही तो छातीत राहतो.

आता प्रश्न असा की, हे त्या बाईला ठाऊक नसते काय? शहरातून येणाऱ्या पाहणी करणाऱ्यांची समजूत अशी दिसते की नसते. म्हणून ते भित्तिपत्रके लावतात आणि सुके लाकूड वापरण्याचा उपदेश करतात. ज्या बाईने वयाच्या आठव्या वर्षापासून चूल फुंकली तिला ओल्या-सुक्याचा फरक सांगणे हा उद्धटपणा आहे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून येणाऱ्या आवाजावरून ती सांगू शकते की लाकूड वाळले की नाही: वाळलेले खणखणते, ओले बद्द वाजते. टोकाला पडलेल्या चिरा, सुटत चाललेली साल, हातातले वजन ही सगळी लक्षणे तिला पाठ असतात. तिच्यापाशी ज्ञान आहे; तिच्यापाशी नाही ती बेगमी.

‘बेगमी’ हा शब्द अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण त्याच्या जागी पाठ्यपुस्तकात जो शब्द आहे, खेळते भांडवल, त्याहून तो अधिक नेमका आहे. मृगाच्या आधी चार महिन्यांचे सरपण घरात पाहिजे असे जुने गृहिणीशास्त्र सांगते. त्यासाठी काय काय लागते ते पाहावे. फाल्गुनात लाकूड तोडण्याजोगे झाड स्वतःच्या बांधावर हवे, किंवा आषाढात लागणारे लाकूड फाल्गुनात विकत घेण्याएवढा पैसा हाताशी हवा. ते फोडायला गडी हवा. तीन महिने उन्हात रचून ठेवायला अंगण हवे. वळवाच्या सरी येण्यापूर्वी ते आत घ्यायला छप्पर हवे. आणि ते कोणी उचलून नेणार नाही एवढी वस्तीची हमी हवी. जमीन, पैसा, श्रम, जागा आणि सुरक्षितता ह्या पाचांपैकी एकही गोष्ट उणी पडली तर पावसाळ्यात चुलीत ओले जाते. सुके लाकूड हे साठविलेले ऊन आहे, आणि काहीही साठवून ठेवणे हा ज्याच्यापाशी आहे त्याचाच अधिकार असतो. रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ आणणाऱ्या घरात रोजचे लाकूड येते. ते ज्या दिवशी तोडले त्याच दिवशी जळते.

सास्तूरची गोष्ट ह्या बाबतीत विशेष बोलकी आहे. हे गाव लोहारा तालुक्यात, तेरणेच्या खोऱ्यात, माकणीच्या धरणापासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गाव झोपलेले असताना, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील जी गावे जमीनदोस्त केली त्यांत सास्तूर होते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट मातीचे माळवद अशी इकडची घरे होती. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, आणि त्या पहाटे प्राणघातक. त्यानंतरच्या दिवसांत पाऊस लागून राहिला. पावसातच ढिगारे उपसले गेले आणि पावसातच सामुदायिक अंत्यसंस्कार उरकावे लागले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ओल्या लाकडाविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, आणि सास्तूरही जुनी जागा सोडून नव्या गावठाणात आले. पुनर्वसनाची टीका करण्यासाठी हे लिहिणे नाही. भूकंपात टिकतील अशी घरे लोकांना मिळाली हे मोठे काम झाले. पण घराचे मोजमाप कसे ठरले हे ध्यानात घ्यावे. सरकारी धोरणानुसार भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फुटांचे घर, मधल्याला ४००, आणि सात हेक्टरांवरच्याला ७५० चौरस फूट. म्हणजे ज्याच्या बांधावर बाभळी आहेत त्याला त्या साठवायला जागाही मिळाली, आणि ज्याच्यापाशी झाड नाही त्याला छप्परही तेवढेच तुटपुंजे मिळाले. अडीचशे चौरस फुटांत पाच माणसे, धान्याचे पोते आणि उतरंड मावल्यावर चार महिन्यांचे सरपण कोठे ठेवावे? ते भिंतीला टेकून बाहेर राहते, प्लास्टिकचा कागद टाकलेला असला तर असतो, आणि झडीच्या पावसात वाळलेलेही पुन्हा भिजते. जुन्या घरात छताला झरोका होता, गोठा होता, माळवदाखालच्या कोपऱ्यात जळणाची जागा ठरलेली होती. सिमेंटच्या खोलीत चूल मांडण्याची कल्पनाच आराखडा करणाऱ्यांनी केलेली दिसत नाही. म्हणून बायकांनी मागे पत्र्याची आडोशी उभारून चूल तिथे नेली. ही पत्र्याची आडोशी म्हणजे आराखड्यावर बायकांनी केलेली दुरुस्तीच होय.

ढिगाऱ्यांतून तेव्हा पुष्कळ लाकूड निघाले. पिढ्यान्‌पिढ्या छताखाली वाळलेल्या त्या तुळया, कड्या आणि खांब. जे धड होते ते नव्या गोठ्यांना, चौकटींना लागले किंवा विकले गेले. मोडके तुकडे चुलीत गेले. ती ठेव एकदाच मोडता आली.

धाराशिव जिल्ह्यात जंगल म्हणावे असे फारसे नाही. वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्काही भरत नाही. त्यामुळे इथल्या गरिबाच्या चुलीचा आधार वनापेक्षा शेत हाच राहिला. तुरीच्या तुराट्या, ज्वारीची धसकटे, पऱ्हाट्या, एरंडाच्या काड्या, आणि जनावरांच्या शेणाच्या गोवऱ्या. ह्यांतली धसकटे ही भूमिहीन बायकांची हक्काची नसली तरी वहिवाटीची वस्तू होती. रब्बीची ज्वारी निघाली की त्या मालकाच्या रानात जात, धसकटे उपटून माती झटकून ढीग करीत; मालकाचे रान साफ होई आणि मजुराची चूल पेटे. ह्या व्यवहाराची नोंद कोणत्याही सात-बाऱ्यावर नव्हती, म्हणून तो संपला तेव्हाही कोणी नोंद केली नाही. ज्वारी मागे पडून सोयाबीन आले. सोयाबीनची काडी खळ्यावर भुसा होते, चुलीत टिकत नाही. रोटाव्हेटर आला आणि धसकटे मातीत चिरडली गेली. जमिनीच्या दृष्टीने हे हिताचे आहे आणि त्याविरुद्ध ओरड करणे वेडेपणाचे ठरेल, पण जो लाभ झाला तो मालकाच्या मातीला झाला आणि जी हानी झाली ती मजुराच्या चुलीला, एवढे तरी मान्य केले पाहिजे. दुष्काळामागून दुष्काळ येत गेले तसतशी जनावरे कमी झाली. ट्रॅक्टरने बैल घालविला आणि गोवऱ्यांचे हुडवे लहान झाले. उरली ती वेडी बाभूळ: ओढ्याच्या काठाची, पडीक रानाची, कोणाची नसलेली. ती आज लागेल तेव्हा तोडायची आणि आज जाळायची.

ज्यांना तीही मिळत नाही ते विकत घेतात, आणि इथे बाजाराचा एक चमत्कार पाहायला मिळतो. लाकूड वजनावर विकले जाते. उदाहरणापुरता सुक्या लाकडाचा भाव क्विंटलला शंभर रुपये धरू. त्या क्विंटलात ऐंशी किलो लाकूड आहे, वीस किलो पाणी. ओल्या क्विंटलात पन्नास किलो लाकूड, पन्नास किलो पाणी. नुसत्या लाकडाच्या वजनाने पाहिले तर ओल्याचा न्याय्य भाव साडेबासष्ट रुपये होतो, आणि उष्णतेच्या हिशेबाने छप्पन्न. ऐन पावसाळ्यात, सगळ्यांनाच लाकूड हवे असताना आणि सुके कोणापाशीच विकायला नसताना, ही चव्वेचाळीस रुपयांची सूट कोण देईल? ज्या जिल्ह्याच्या शेजारी, लातूरला, २०१६ साली पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, त्या मुलखातली मजूर बाई लाकडाच्या भावाने पाणी विकत घेते आणि ते चुलीत ओतते. एकरकमी पैसा नसल्याने उधारीवर घेतल्यास सावकार व्याज घेतो ते सर्वांना दिसते. बेगमी करता न आल्याने ओल्या लाकडात जे व्याज भरावे लागते ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

कोणी म्हणेल की ओले जळण जाळणे हे मुळातच अशास्त्रीय आहे. तसेही नाही. ह्याच जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. गाळप झालेल्या उसाचा भुसा बॉयलरमध्ये जातो तेव्हा त्यात जवळजवळ पन्नास टक्के पाणी असते, म्हणजे सास्तूरच्या बाईच्या हिरव्या बाभळीइतकेच. तरीही कारखाना त्यावर वाफ करतो, चाके फिरवतो आणि उरलेली वीज सरकारला विकतो. कारण त्याच्यापाशी हवा तापवून आत सोडणारी यंत्रे आहेत, धूर खेचणारे पंखे आहेत, उंच धुराडे आहे, आणि ते सारे उभारायला कर्ज देणारी बँक आहे. ओले जळण स्वच्छ जाळता येते. त्याला भांडवल लागते. बाईपाशी फुंकणी आहे आणि फुप्फुसे आहेत. कारखान्याचा खेचपंखा बिघडला तर गाळप थांबते आणि अभियंता धावत येतो. तिची फुप्फुसे बिघडतात तेव्हा स्वयंपाक थांबत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केले ते सारे चुलीवर केले. सास्तूर ज्या हैदराबाद राज्यात तेव्हा होते त्याच राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू ह्यांनी १९५३ साली कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघर अशा अर्थाच्या नावाची इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि धुराडे असलेली, एका जाळावर अनेक भांडी ठेवता येणारी चूल सुचविली. वर्ध्याच्या मगनवाडीत, कुमारप्पांच्या ग्रामोद्योगाच्या परंपरेत, मगन चूल घडली होतीच. मग १९८० च्या दशकात केंद्राचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याचे आकडे प्रसिद्ध झाले. पुण्याच्या ‘आरती’सारख्या संस्थांनी त्यांत मनापासून काम केले हेही खरे. पण उद्दिष्टे पूर्ण करण्याच्या घाईत अनेक ठिकाणी धुराडे आखूड राहिले, चूल भांड्याच्या मापाची नव्हती, दुरुस्तीला गवंडी परत आला नाही, आणि दोन-चार वर्षांत चूल फुटली की बाईने पुन्हा तीन दगड मांडले. ह्या अपयशाची कारणे पुष्कळ चर्चिली गेली आहेत. एक कारण मात्र क्वचितच बोलले जाते. चुलीची कार्यक्षमता प्रयोगशाळेत मोजली जाते ती वाळलेल्या, सारख्या कापलेल्या लाकडावर. खेड्यात चार महिने त्या चुलीत जाणार होते ते हिरवे, वेडेवाकडे, न फोडलेले ओंडके. सुधारित चुलीचे तोंड लहान असते; न फोडलेले लाकूड त्यात जात नाही. ओल्या लाकडाच्या डांबराने धुराडे तुंबते आणि तुंबले की सगळा धूर घरात परततो. चूल सुधारली आणि सरपण तेच राहिले, तर दोष चुलीच्या माथी येतो आणि बाईच्या अडाणीपणाच्या माथी तर आधीच आलेला असतो.

सामाजिक वनीकरणाचेही असेच झाले. १९८० च्या दशकात गावाच्या जळणाची सोय हा त्याचा एक जाहीर हेतू होता. लावली गेली ती मोठ्या प्रमाणावर निलगिरी आणि सुबाभूळ, आणि ज्याची झाडे वाढली त्याने कागद गिरण्यांचा आणि बांधकामाचा बाजार पाहिला. त्याला दोष देता येत नाही. चूल कधीच चढा भाव देऊ शकत नाही.

आता गॅसकडे वळले पाहिजे, कारण ह्या लेखातील सगळ्या विवेचनाला एका वाक्यात उत्तर दिले जाते: घरोघर गॅस पोचला, आता सरपणाचा प्रश्न कसला? १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्या जोडण्या दहा कोटींच्या वर गेल्या. ही गोष्ट लहान नाही, आणि विरोधकांनी तिची चेष्टा करणे हे त्यांना स्वयंपाकघर ठाऊक नसल्याचे लक्षण आहे. पण जोडणी ही एकदाची आणि सिलिंडर हा पुन्हा पुन्हा लागणारा. सरकारच्याच आकड्यांनुसार योजनेतील कुटुंब वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडर घेते. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर व्हायचा तर ह्याच्या जवळजवळ दुप्पट लागतील. म्हणजे गॅस घरात आहे आणि चूलही आहे. गॅसवर चहा होतो, पाहुणा आला की भाजी होते. ज्वारीच्या भाकरी, आणि सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे आंघोळीचे पाणी, हे चुलीवर. पुन्हा तोच बेगमीचा प्रश्न: चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलिंडरला एकरकमी पैसे द्यावे लागतात, अनुदान मागाहून खात्यात येते, आणि ज्याची मजुरी आठवड्याच्या बाजाराला संपते त्याला मागाहून मिळणाऱ्या पैशाचा उपयोग नाही. लाकूड वीस रुपयांचेही आणता येते. ओले का असेना.

मध्यंतरी रॉकेल हा एक दुवा होता. ओले पेटवायला वाटीभर रॉकेल ओतणे हा पावसाळ्यातला सार्वत्रिक उपाय. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या लाटणे मोर्चात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ह्यांच्यामागे बायका रस्त्यावर आल्या तेव्हा धान्य-तेलाबरोबर रॉकेलही मागण्यांत होते. रॉकेलावरील केंद्राचे अनुदान २०२० पासून उरलेले नाही. ते जाताना एकही लाटणे उचलले गेले नाही, ह्याचा विचार पुरोगामी म्हणविणाऱ्या सर्वच पक्षांनी करावा. आता चूल पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या आणि चपलांचे तुकडे जातात, आणि त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून विषारी असतो.

धुराने काय होते हे सांगण्याची आता गरज उरलेली नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासापाशी धूर मोजला तेव्हापासून पुरावा साचत आला आहे. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे बत्तीस लाख माणसे अकाली मेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. विडी न ओढणाऱ्या बायकांना विडी ओढणाऱ्यांचा दमा होतो, त्याचे कारण चुलीपाशी आहे, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी ह्यांच्यासारख्या संशोधकांनी जगापुढे मांडले. ओल्या लाकडाने हे सर्व वाढते एवढेच इथे नोंदवायचे आहे.

तेव्हा करावे काय? सिलिंडरची किंमत मजुराच्या आवाक्यात आणा, लहान सिलिंडर हप्त्याने द्या, अनुदान आधी द्या, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. शेवटचा मार्ग तोच आहे आणि चुलीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पावसाळा ती फुंकून पाहावी. पण तो दिवस उजाडेपर्यंत सास्तूरसारख्या गावात दर आषाढात ओले जळत राहणार. त्यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. बेगमी एकेकट्या घराला परवडत नसेल तर ती गावाने करावी. ग्रामपंचायतीने किंवा बायकांच्या बचत गटांनी गावठाणाच्या कडेला पत्र्याची, बाजूंनी उघडी, जमिनीपासून वीतभर उंच ओट्याची एक शेड उभारावी. फाल्गुनात वेडी बाभूळ तोडून आणावी. ती तोडण्याची, फोडण्याची, रचण्याची मजुरी रोजगार हमीतून मिळावी अशी मागणी करावी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही हमी देशाला शिकविली, तिच्यातून खडी फुटली आणि पाझर तलाव झाले. गावाचे सरपण फोडणे हे काही कमी उत्पादक काम नव्हे. चैत्र-वैशाखाचे ऊन फुकट आहे आणि मराठवाड्याला त्याची वाण नाही. ज्येष्ठापासून कार्डावर, मापाने, उधारीवर ते सुके लाकूड द्यावे. आधी भूमिहीनांना, मग इतरांना.

लाकूड वाळले की नाही हे ठरवायला यंत्र नको. ढिगातल्या पाच-सहा ढलप्यांवर खूण करून त्या दर आठवड्याला रेशन दुकानाच्या काट्यावर तोलाव्यात आणि वजन भिंतीवर लिहावे. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड तयार झाले. ह्या कामावर पुरुषांची समिती नेमू नये. नेमल्यास शेडमध्ये पहिल्या वर्षी सरपण आणि दुसऱ्या वर्षी सरपंचाचे खत दिसेल.

गायरानावर आणि माकणीच्या कालव्याच्या कडेने देशी बाभूळ, हिवर, शेवरी लावण्याचा भाग ह्यानंतरचा. त्याला पाच-सात वर्षे लागतील, आणि ते लाकूड गावाबाहेर विकले जाणार नाही अशी अट ठरावातच घालावी लागेल. सामाजिक वनीकरणाचा अनुभव ताजा आहे. शेडचे काम मात्र एका हंगामाचे आहे. त्यासाठीचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत यायला हवा. १ मेच्या ग्रामसभेत तो आणला तर तोडलेले लाकूड वाळायला महिनाच उरतो, आणि त्या वर्षी कार्डावर मिळेल ते ओलेच असेल.